आधी हातातली वस्तू, मग चेहरा

रोमन चांदीच्या नाण्यांचा अभ्यास सुरू करणाऱ्यांना मी सांगते, सम्राटांची यादी पाठ करत बसू नका. नाणं उलटा आणि मागच्या आकृतीच्या हातात काय आहे ते बघा. तराजू असेल तर एक्विटास, म्हणजे सचोटी. ऑलिव्हची फांदी असेल तर पॅक्स, शांती. सापाला भरवत असेल तर सालुस, आरोग्य. आपण मूर्ती आयुधांवरून ओळखतो, तसंच हे. झिजलेल्या डेनारियसवरची (रोमचं नेहमीचं चांदीचं नाणं) अक्षरं गेली तरी ही खूण बहुधा शिल्लक राहते.

मग नाण्यावर कोरलेल्या अक्षरांकडे वळा. ‘टीआर पी’नंतरचा आकडा सोन्याहून मोलाचा: ट्रिब्यूनचा, म्हणजे लोकप्रतिनिधीचा, अधिकार सम्राटाला दरवर्षी नव्याने मिळे, म्हणून त्यावरून वर्ष काढता येतं. ‘पॉन्टिफ मॅक्सिम’ म्हणजे मुख्य पुरोहित, इ.स.पू. 12 मध्ये पहिला सम्राट ऑगस्टस याने हे पद घेतलं आणि पुढे ते सम्राटांकडेच राहिलं. त्याच्यानंतरचा सम्राट टायबेरियस याच्या डेनारियसवर हाच किताब बसलेल्या स्त्रीभोवती कोरलेला आहे. दक्षिण भारतात सापडलेल्या पुरलेल्या नाण्यांच्या साठ्यांत हे नाणं आणि ऑगस्टसचं गायस-लुसियस प्रकारचं (त्याच्या दोन दत्तक मुलांचं चित्र असलेलं) नाणं भरपूर सापडतं, म्हणून आपल्याकडच्या विद्यार्थ्याने ही दोन आधी ओळखायला शिकावीत.

माझा स्वतःचा जीव मात्र फाउस्टिनाच्या नाण्यांत अडकला. सम्राट अँटोनायनस पायसची ही राणी इ.स. 140 च्या सुमारास वारली. सिनेटने तिला देवत्व दिलं आणि नवऱ्याने तिच्या नावाने नाणी पाडणं सुरूच ठेवलं. नाण्याच्या पुढच्या बाजूला ‘दिवा फाउस्टिना’, म्हणजे देवत्व पावलेली फाउस्टिना, मागे कधी ‘कॉन्सेक्रातिओ’ (देवत्व बहाल करणं) या शब्दासोबत देवराणी जुनोचा मोर, कधी धान्यदेवता केरेस, कधी एटेर्निटास, म्हणजे चिरंतनता. देवत्व पावलेल्या सम्राटांसाठी सहसा गरुड येतो, राण्यांसाठी मोर. ही नाणी विपुल आहेत, रेखीव आहेत. एकाच स्त्रीचे वेगवेगळे प्रकार शेजारी मांडून पाहिले की धर्म आणि राजघराणं एकमेकांत कसं विणलं होतं, ते पुस्तकापेक्षा लवकर कळतं.

वजनकाटा जवळ ठेवाच. इ.स. 64 मध्ये नीरोने डेनारियसचं वजन उतरवलं. 215 मध्ये काराकॅलाने अँटोनिनियानस हे नवं नाणं आणलं, त्यावर सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट असे. 260 च्या दशकात सम्राट गॅलिएनसच्या काळी त्यात चांदी नावापुरती उरली, वरून पातळ मुलामा. ही काळपट नाणी पुष्कळजण बाजूला सारतात. मला ती फार महत्त्वाची वाटतात. राज्य चहूबाजूंनी फाटत असताना गॅलिएनसने डायनाला हरीण, अपोलोला सेंटॉर (अर्धा माणूस, अर्धा घोडा), नेपच्यूनला समुद्री घोडा वाहून देवांकडे रक्षण मागितलं, आणि ते मागणं नाण्यांवर छापून थेट बाजारात पाठवलं.

खरेदीची घाई करू नका. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची ऑनलाइन सूची मोफत आहे. तिथे देवतेच्या नावाने शोधा आणि एकच देवता निरनिराळ्या सम्राटांनी कोणत्या वर्षी वापरली, ते वहीत उतरवत जा.