यामादेराच्या १०१५ पायऱ्या: विदर्भातल्या उपासकांसाठी

यामादेरा म्हणजे जपानमधला डोंगरावरचा बौद्ध विहार. टोकियोहून शिंकानसेनने (बुलेट ट्रेनने) सेंदाई, तिथून सेन्झान लाइनने साधारण तासाभरात यामादेरा. इथे गाडी तासाला एखादीच असते, म्हणून उतरल्या उतरल्या परतीच्या वेळांचा फोटो काढून घ्या. विहाराचं मूळ नाव रिश्शाकुजी. एन्निन या भिक्खूंनी ८६० साली स्थापलेलं हे स्थान तेंदाई या जपानी बौद्ध पंथाचं आहे.

नागपूरची संत्री आणि झेंडूच्या माळा घरीच ठेवा. ताजी फळं-फुलं जपानच्या विमानतळावर काढून घेतली जातात. नाणी मात्र खिशात हवीत.

गुडघ्यांची तयारी निघण्याआधी महिनाभर करा. रामटेकचा गड न थांबता चढता येत असेल तर अडचण नाही. इथल्या पायऱ्या दगडी आणि उंचसखल आहेत. देवदारांच्या सावलीत शेवाळ धरतं आणि पाऊस पडला की पाय सटकतो. हिवाळ्यात वर बर्फ असतो. चप्पल नको, पकड असलेले पण झटकन काढता येणारे बूट घाला. मोजे फाटके नसावेत, कारण आत शिरताना बूट बाहेर राहतात.

बरेच जण थेट पायऱ्यांकडे धावतात आणि पायथ्याचं कोनपोन-च्यूदो हे मुख्य सभागृह पाहायचं राहून जातं. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची ही वास्तू १३५६ ची. आत भैषज्यगुरू, म्हणजे आरोग्य देणारे बुद्ध आहेत आणि क्योटोजवळच्या हिएई पर्वतावरून, तेंदाई पंथाच्या मुख्य विहारातून आणलेली ज्योत तेवते. १५७१ मध्ये हिएईचा विहार जाळला गेला; पुढे तो पुन्हा उभारताना हीच ज्योत तिकडे परत नेण्यात आली. इथे दहा मिनिटं शांत बसाच.

पाण्याचं कुंड दिसलं तर उजव्या हातात पळी घेऊन आधी डावा हात धुवा, मग उजवा. नंतर डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरा. पळीला तोंड लावू नका. उदबत्तीची ज्वाळा फुंकून विझवायची नसते, हातानं वारा घाला. पेटीत नाणं टाकून हात जोडा आणि मान झुकवा. टाळ्या वाजवायची रीत शिंतो या जपानच्या मूळ धर्माच्या देवळांची, विहारात ती करू नका. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, हे आपल्याकडच्यासारखंच.

गावच्या विहारात आपण त्रिशरण-पंचशील मोठ्यानं म्हणतो. इथे पंधरा जणांच्या गटानं तसं केलं, तर शेजारी बसलेल्याचं ध्यान मोडतं. मनातल्या मनात किंवा पुटपुटत म्हणा. मोबाइल सायलेंट ठेवा. गाभाऱ्यात फोटो नकोत.

चढायला पाऊण तास ते तास धरा. एकेका पायरीनिशी एकेक तृष्णा गळते, असं इथले लोक मानतात. तेव्हा दम टाकत चढा. वाटेत मिदाहोरा हा झिजलेला कडा लागतो. त्यात अमिताभ बुद्धाचा आकार दिसतो का, थांबून बघा. शेवटच्या पायरीला ओकुनोइन, म्हणजे सगळ्यात आतलं देवालय. तिथून खाली वळून गोदाइदो या सभागृहाच्या सज्जावर जा, सगळं खोरं समोर येतं.

विहारभेटीचा शिक्का, म्हणजे गोशुइन, हवा असेल तर आधी वंदन, मग शिक्का. त्यासाठी खास वही लागते, डायरीचं पान पुढे करणं बरं दिसत नाही.

कचरापेटी सहसा सापडत नाही, पिशवी सोबत ठेवा. वाटेत काडीला लावलेले गरम कोन्याकूचे (एका कंदापासून केलेल्या जेलीसारख्या पदार्थाचे) गोळे मिळतात. ते बरेचदा सुक्या माखलीच्या पाण्यात शिजवलेले असतात, शाकाहारींनी विचारूनच घ्यावेत.