महिला राष्ट्रीय स्पर्धेला निघालात? आधी हत्तीचे शेवट पक्के करा

सोलापुरातली एखादी मुलगी महिला राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेसाठी निवडली गेली, की घरी पहिली चौकशी ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींची होते. माझं मत उलट आहे. ओपनिंग तिथं सगळ्याच जणींची पाठ असते. डाव ठरतो चौथ्या तासात, पटावर एकेक हत्ती आणि मोजकी प्यादी उरल्यावर.

हिशोबच बघा ना. प्रत्येकीला 90 मिनिटं आणि पहिल्या चालीपासून दर चालीला 30 सेकंद जादा. डाव 60 चाली चालला तर दोघींची मिळून 4 तासांची बैठक. रविवारी एका दिवसात उरकणाऱ्या रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांच्या स्पर्धा खेळून ही सवय लागत नाही.

माझा एक डाव सांगते. समोरची तमिळनाडूची, रेटिंग माझ्याहून बरंच जास्त. मी काळ्याकडून खेळत होते. शेवटी दोघींकडे एकेक हत्ती आणि तिच्याकडे एक प्यादं जादा. माझा राजा त्या प्याद्याच्या वाटेत बसला होता. मी हत्ती सहाव्या ओळीत (ओळी पांढऱ्याच्या बाजूनं मोजायच्या) आडवा धरून ठेवला, म्हणजे तिचा राजा पुढे येईना. वैतागून तिनं प्यादंच सहाव्या ओळीत ढकललं. त्याबरोबर माझा हत्ती थेट पहिल्या ओळीत, आणि मागून शहावर शह! आता तिच्या राजाला आडोसाच नव्हता. हीच ती फिलिडॉर या जुन्या फ्रेंच खेळाडूच्या नावाची बचावपद्धत. डाव बरोबरीत सुटला, अर्धा गुण मिळाला.

बरोबरी विचारायची तर आधी चाल खेळायची, मग विचारायचं, मग घड्याळ दाबायचं. तीच स्थिती तिसऱ्यांदा आणणारी चाल तुमची असेल आणि त्यावर बरोबरी मागायची असेल, तर ती खेळू नका. नुसती लिहा, घड्याळ थांबवा आणि पंचांना बोलवा. आणि फोन खोलीवरच ठेवा, त्यापायी डाव जातो.

डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या, आठवडाभर टिकते. 'मुलींना यात काय भवितव्य' म्हणणारे काका भेटतीलच. नागपूरची दिव्या देशमुख 2025 चा महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली एवढं सांगायचं आणि सरावाला बसायचं. मैत्रिणीबरोबर एकच हत्तीचा शेवट घड्याळ लावून खेळा, मग बाजू बदलून पुन्हा. जादा प्यादं असलेली बाजू जास्त अवघड वाटते, तिच्यावर जास्त वेळ घालवा.