तेच कुटुंब पुन्हा गाठताना: शहरी दारिद्र्याच्या दीर्घकालीन अभ्यासात येणाऱ्यांसाठी

शहरातील दारिद्र्याचा दीर्घकालीन अभ्यास म्हणजे मोठा नमुना (पाहणीसाठी निवडलेली कुटुंबे) आणि लांबलचक प्रश्नावली, अशी समजूत घेऊन बहुतेक नवे पदवीधर या कामात येतात. ठाणे आणि नवी मुंबईतील वस्त्यांमध्ये अशा अभ्यासाच्या क्षेत्रकामाची देखरेख करताना माझे मत मात्र असे झाले आहे की, या कामाचा कस लागतो तो पाहणीच्या पहिल्या फेरीत भेटलेले कुटुंब दोन-तीन वर्षांनी पुन्हा सापडते की नाही, यावर. जी कुटुंबे सापडत नाहीत तीच बहुधा अधिक अडचणीत असतात, आणि त्यांना वगळून काढलेली सरासरी वस्तीची स्थिती सुधारल्याचे खोटे चित्र उभे करते.

एकाच शहराची वारंवार पाहणी करणे आणि त्याच कुटुंबांचा पाठपुरावा करणे, हे दोन निराळे उद्योग आहेत. ब्रिटिश समाजसंशोधक सीबोम राउन्ट्री यांनी इंग्लंडमधील यॉर्क शहराची पाहणी १८९९ मध्ये केली आणि पुढे १९३६ व १९५० मध्ये तीच पुन्हा केली. बालपण, मुले लहान असतानाचा काळ आणि म्हातारपण या टप्प्यांवर कामगार दारिद्र्यात ढकलला जातो, हे त्यांनी पहिल्याच पाहणीवरून मांडले. परंतु त्याच घरांचा माग त्यांनी पुढे ठेवला नव्हता. आपल्याकडे पुण्याच्या गोखले संस्थेने अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली १९३० च्या दशकात पुणे शहराची पाहणी केली आणि १९५० च्या दशकात फेरपाहणीही केली. अमेरिकेत १९६८ पासून मिशिगन विद्यापीठाने हजारो कुटुंबांचा माग ठेवला, तेव्हा असे दिसले की एखाद्या वर्षी गरीब असलेल्यांपैकी बरेच जण काही वर्षांत वर येतात आणि त्यांच्या जागी दुसरे खाली घसरतात. भारतातही २००४-०५ मध्ये चाळीस हजारांहून अधिक कुटुंबांना भेटलेल्या एका देशव्यापी सर्वेक्षणाने २०११-१२ मध्ये त्यांपैकी बहुसंख्य कुटुंबांना पुन्हा गाठले. दारिद्र्यात होणारी ही ये-जा एका वेळच्या पाहणीत दिसत नाही.

आता आपल्या भागाकडे पाहू. नवी मुंबईत दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला कारखान्यांचा पट्टा आहे आणि त्याच्या कडेने, टेकडीच्या उतारावर, इलठणपाड्यासारख्या वस्त्या आहेत. येथे दारिद्र्य पत्र्याच्या खोलीत दिसते. ठाण्यातील कळवा, मुंब्रा किंवा किसननगरात मात्र ते अनधिकृत इमारतीच्या चौथ्या मजल्यावरही असते, आणि केवळ झोपडपट्ट्यांच्या यादीवरून नमुना निवडला तर ते सुटून जाते. याच इमारती पाठपुराव्यातही सर्वाधिक त्रास देतात. दिघ्यात २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अनधिकृत इमारतींवर कारवाई सुरू झाली. असा प्रसंग आला की आपल्या नोंदवहीतील पत्ताच नाहीसा होतो आणि तेथील कुटुंबे नातेवाइकांकडे, भाड्याच्या खोल्यांत वा गावाकडे पांगतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक इमारतींची जी यादी जाहीर करते, ती हाती पडताच आपल्या नमुन्यातील घरांशी ताडून पाहावी. पुढची फेरी दीड वर्षावर असली तरी त्या घरांना त्याच आठवड्यात भेटून नवा ठावठिकाणा लिहून घ्यावा.

भाडेकरूंची गोष्ट त्याहून अवघड आहे. लेखी करार झालाच तर तो साधारणपणे अकरा महिन्यांचा असतो, पुष्कळदा तोंडीच व्यवहार असतो, आणि डिपॉझिट थकलेल्या भाड्यात वळते झाले की कुटुंब निघून जाते. शेजारी विचारल्यावर सांगतात, “गावी गेले.” हे उत्तर लिहून घेऊन परत फिरू नये. खरोखर गावी गेलेले लोक असतातच. पण याच दोन शब्दांमागे कधी इस्पितळातले आजारपण असते, कधी सासरचा जाच सोडून निघालेली बाई असते आणि कधी कर्जाच्या हप्त्यांमुळे केलेले पलायन असते. यातही एक पेच आहे. बचतगटाच्या नावाने कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे वसुली करणारे तरुणही पाठीवर पिशवी आणि हातात टॅब घेऊन दारोदार हाच प्रश्न विचारत फिरतात. शेजारणीला तुम्ही आणि ते सारखेच दिसता, आणि तिने खरे न सांगणे हे शेजारधर्माला धरूनच आहे. अशा वेळी ओळखपत्र पुढे करून आग्रह धरण्यापेक्षा, “मावशी, ताईंचा फोन आला तर आम्ही येऊन गेलो एवढे सांगा,” असे म्हणून आपला क्रमांक ठेवून जावे. फोन बहुधा येतो. नाही आला तर तोही त्या कुटुंबाचा नकार समजावा. लपलेल्या माणसाचा पत्ता चारचौघांत विचारत फिरणे हे संशोधनाच्या नावाखाली केलेले नुकसान आहे, आणि पहिल्या फेरीत घेतलेल्या संमतीच्या सहीने ते क्षम्य ठरत नाही. संमती प्रत्येक फेरीत नव्याने घ्यायची असते.

या सगळ्यावर उपाय पहिल्याच भेटीत करायचा असतो. मोबाइल क्रमांक रिचार्जअभावी बंद पडतात, त्यामुळे एका क्रमांकावर विसंबू नये. गावाचे नाव तालुक्यासह, वेगळ्या घरात राहणाऱ्या दोन नातेवाइकांचे क्रमांक, मुलांची शाळा, नेहमीचा किराणा दुकानदार आणि भिशी चालवणारी बाई, एवढे तरी कुटुंबाच्या परवानगीने लिहून घ्यावे. ही वही उत्तरांच्या फाइलपासून वेगळी आणि कुलपात ठेवावी. घर बंद दिसल्यास नुसते ‘कुलूप’ लिहिण्याची सवय प्रथम मोडावी. तात्पुरते बाहेर, स्थलांतरित, नकार आणि मृत्यू यांसाठी वेगवेगळे संकेतांक असतात आणि विश्लेषणाच्या वेळी सारी मदार त्यांच्यावरच असते.

कुटुंब सापडले तरी ते तेच कुटुंब आहे का, हा प्रश्न उरतो. एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब, ही व्याख्या चालते. पण थोरला मुलगा लग्नानंतर कळव्याला वेगळा झाला आणि आई सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे राहू लागली, तर काय करायचे, हे आधी ठरलेले असावे. माझ्या मते फुटून निघालेल्या प्रत्येक घराचा माग ठेवावा, खर्च वाढला तरी चालेल.

उत्पन्न विचारण्याची घाई करू नये. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला “महिन्याला किती मिळतात?” असे विचारले तर तो सर्वांना सांगतो तोच आकडा सांगेल. गेल्या आठवड्यात किती दिवस काम लागले, उचल किती घेतली, गटाचा हप्ता कोणत्या वारी असतो, मंगळसूत्र गहाण आहे का, या वाटेने गेल्यास हिशेब जुळत जातो. प्रत्येक फेरी त्याच महिन्यांत घ्यावी, कारण पावसाळ्यात नाक्यावरचे काम आटते, जूनमध्ये शाळेचा खर्च येतो आणि मे महिन्यात अर्धी वस्ती खरोखरच गावी असते. दारिद्र्यरेषेवरून वाद घालण्यात नवखे फार वेळ घालवतात. २०११-१२ साठी शहरी भागात दरडोई दरमहा तेंडुलकर समितीच्या पद्धतीने १,००० रुपये आणि रंगराजन समितीच्या पद्धतीने १,४०७ रुपये अशी रेषा निघते. तुम्ही खर्चाचे मूळ आकडे नीट जपले, तर कोणतीही रेषा नंतर लावता येते.

नोकरीविषयी थोडे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र किंवा समाजकार्य यांपैकी कोणतीही पदवी चालते, आणि देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था व आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था या दोन्ही येथून जवळ आहेत. पदे मात्र बहुधा कंत्राटी असतात आणि अनुदान संपले की काम संपते. मराठी आणि हिंदी दोन्ही सफाईने बोलता यायला हवे, आणि रविवार किंवा संध्याकाळी सातनंतरची वेळ कामाची मानावी लागेल. संगणकावरील विश्लेषण शिकाच, पण किमान एक पूर्ण फेरी स्वतः वस्तीत काढल्याशिवाय त्या खुर्चीत जाऊ नका. आणि दोन फेऱ्यांच्या मधे नोकरी सोडायची वेळ आली, तर पत्त्यांची वही नुसती कार्यालयात जमा करून निघू नका. आपल्या जागी येणाऱ्याला बरोबर घेऊन निदान भाडेकरू कुटुंबांकडे एकदा जाऊन या, म्हणजे पुढच्या वेळी दार उघडणाऱ्याला तो वसुलीवाला वाटणार नाही.