कोबी-ब्रोकोली आधी चिरा, थोडं थांबा, मग शिजवा

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, मुळा, नवलकोल ही सगळी मोहरीच्या कुळातली भावंडं. कॅन्सर टाळायला ह्यांची मदत होऊ शकते असं आपण ऐकतो, पण खरी मेख शिजवण्यात आहे आणि ते फार कमी जण सांगतात म्हणून लिहितेय.

ह्या भाज्यांत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधक असलेली द्रव्यं असतात आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम असतं, पण दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत. चिरलं, किसलं, चावलं की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि ब्रोकोलीत सल्फोराफेन तयार होतं, कॅन्सर टाळण्याच्या संदर्भात ज्याची चर्चा होते तेच द्रव्य (मुळ्याचा नाकात जाणारा झणका असतो ना, तोही असाच तयार होतो). म्हणजे अख्ख्या गड्ड्यात सल्फोराफेन जवळपास नसतंच, ते आपल्याला बनवावं लागतं!

हे एन्झाइम उष्णतेने मरतं. त्यामुळे भाजी आधी धुवा, मग बारीक चिरा आणि अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्या, तेवढ्यात काम होऊन जातं. मग ३-४ मिनिटं वाफवा, रंग हिरवागार आणि देठ जरा करकरीत असतानाच उतरवा. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देऊ नका प्लीज, ग्लुकोसिनोलेट पाण्यात विरघळतात, बरंचसं सिंकमध्ये जातं. फ्रोझन ब्रोकोली कंपनीतच गरम पाण्यातून काढलेली असते, एन्झाइम बहुतेक गेलेलं, तर शिजल्यावर वरून चिमूटभर कच्च्या मोहरीची पूड घाला, तिच्यातलं मायरोसिनेज उपयोगी पडतं. गरम तेलात तडतडलेली मोहरी इथे कामाची नाही.

ब्रोकोलीचे मोड मिळाले तर उत्तमच. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या पॉल टॅलले यांच्या टीमने ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळं काढलं आणि १९९७ मध्ये दाखवलं की ३ दिवसांच्या मोडांत ते ज्यापासून बनतं ते द्रव्य मोठ्या गड्ड्यापेक्षा १० ते १०० पट असतं.

शरीरात सल्फोराफेन एनआरएफ२ नावाचं प्रोटीन जागं करतं, मग पेशी घातक रसायनं निकामी करून बाहेर टाकणारी एन्झाइम्स जास्त बनवतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीनमधल्या प्रदूषित भागातल्या लोकांना १२ आठवडे ब्रोकोलीच्या मोडांचं पेय देऊन पाहिलं, तर प्रदूषित हवेतलं बेंझिन हे घातक रसायन लघवीतून बाहेर पडणं ६१ टक्के वाढलं. मात्र ह्याने कॅन्सर टळतोच असं माणसांत सिद्ध झालेलं नाही, खाण्याच्या सवयींवरच्या अभ्यासांत काहींत फायदा दिसला, काहींत नाही. म्हणून तपासण्या आणि उपचार चालूच ठेवायचे, आणि ह्याच्या गोळ्यांपेक्षा मला ताटातली भाजीच बरी वाटते.

वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेत असाल तर ह्या भाज्या एकदम वाढवू नका, व्हिटॅमिन के मुळे औषधाचा असर कमी होतो, आधी डॉक्टरांना विचारा. थायरॉइडचा त्रास असेल आणि आयोडीन कमी असेल तर कच्च्या भाज्यांचा मारा टाळा, शिजवून खा.