डिडी काँग रेसिंग खेळताना या चुका टाळा

रेअर या कंपनीने १९९७ साली निन्टेन्डो ६४ या खेळयंत्रासाठी आणलेला 'डिडी काँग रेसिंग' हा खेळ वरवर पाहता अगदी लहान मुलांचा वाटतो. माकड, कासव, उंदीर, वाघ, अस्वल, खार असे प्राणी मोटारीत, हॉवरक्राफ्टमध्ये किंवा विमानात बसून शर्यती लावतात आणि विझपिग नावाच्या जादूगार डुकराच्या तावडीतून टिंबर वाघाचे बेट सोडवतात. प्रत्यक्षात हा खेळ चांगलाच कस पाहणारा आहे. मुले त्यात अडकतात तेव्हा हात सराईत नाही, असा समज होतो. पण माझ्या अनुभवानुसार बहुतेक वेळा खेळाचा एखादा नियमच लक्षात आलेला नसतो.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे गाडी पळवणाऱ्या ए बटणावरचा अंगठा शर्यत संपेपर्यंत न उचलणे. रस्त्यावर जागोजागी झिपर नावाचे वेग देणारे पट्टे असतात. ए दाबून ठेवून त्यांवरून गेल्यास झटका मिळतो खरा, पण तो लवकर ओसरतो. पट्ट्याला चाक लागण्याच्या थोडे आधी ए सोडले आणि झटक्याचा जोर संपेपर्यंत ते पुन्हा दाबले नाही, तर तोच झटका कितीतरी जास्त वेळ टिकतो. ट्रिकी या ट्रायसेराटॉप्सशी डोंगर चढत होणारी शर्यत किंवा पुढे विझपिगशी होणारी शर्यत जिंकता येत नसेल, तर सर्वप्रथम ही सवय तपासावी. सुरुवातीलाही तसेच आहे: हिरवा कंदील मिळण्याआधीपासून ए दाबून धरण्यापेक्षा 'गेट रेडी' ही अक्षरे पडद्यावरून नाहीशी होताच ते दाबले, तर गाडी झेप घेत निघते.

दुसरी चूक फुग्यांच्या बाबतीत होते. समोर दिसेल तो रंगीत फुगा मुले फोडत सुटतात. या खेळात एकाच रंगाचे फुगे लागोपाठ घेतले की हत्याराची ताकद वाढते आणि ही वाढ तिसऱ्या फुग्यापर्यंत होते. एका लाल फुग्याने साधे क्षेपणास्त्र मिळते, दुसऱ्याने ते पाठलाग करणारे होते आणि तिसऱ्याने एकदम दहा क्षेपणास्त्रे हाती येतात. निळ्या फुग्याने मिळणारा वेगही असाच वाढत जातो. दोन निळे घेतल्यावर मोहाने हिरवा घेतला, तर आधीची सारी जमवाजमव वाया जाते. केळ्यांचे गणित मात्र सोपे आहे: दहा केळ्यांपर्यंत गाडीचा कमाल वेग वाढतो, त्यानंतरच्या केळ्यांसाठी रस्ता सोडण्यात अर्थ नाही.

चांदीच्या नाण्यांच्या शर्यतीपाशी मात्र सर्वाधिक रडारड होते. खेळातील शर्यती वेगवेगळ्या जगांत विभागलेल्या आहेत; प्रत्येक जगातील म्होरक्याला (उदा. ट्रिकीला) एकदा हरवल्यावर त्याच रस्त्यांवर आठ चांदीची नाणी पसरलेली दिसतात. ती सर्व गोळा करून पहिलाही क्रमांक मिळवावा लागतो. माझी आठ वर्षांची भाची एन्शंट लेकच्या शर्यतीत एक नाणे हुकले की लगेच गाडी वळवून उलट्या दिशेने निघायची आणि तेवढ्यात बाकीचे सारे तिच्या शेजारून निघून जायचे. घेतलेले नाणे पुढच्या फेरीतही आपलेच राहते आणि फेऱ्या तीन असतात, हे तिला ठाऊकच नव्हते. मी तिला कागदावर रस्त्याची वेडीवाकडी आकृती काढून नाण्यांच्या जागी टिंबे द्यायला सांगितले. पहिल्या फेरीत वाटेवरची नाणी, दुसरीत आडबाजूची आणि तिसरी फेरी फक्त पळण्यासाठी, असे ठरवल्यावर दुसऱ्याच प्रयत्नात तिने ती शर्यत मारली. हुकलेल्या नाण्यासाठी कधीही मागे वळू नये.

दार उघडत नाही म्हणून खेळ बिघडला, असे समजण्याचीही घाई होते. दारावरचा आकडा म्हणजे तेथे लागणाऱ्या, शर्यती जिंकून मिळणाऱ्या सोनेरी फुग्यांची संख्या होय. फुगे कमी पडत असतील, तर ताज नावाच्या हत्तीकडे जावे. मोटार, हॉवरक्राफ्ट आणि विमान या प्रत्येकाच्या आव्हानामागे तो एकेक फुगा देतो. बेटावर आडोशाला काही फुगे असेच ठेवलेले आहेत, त्यामुळे शर्यतींच्या मध्ये मुलांना मनसोक्त भटकू द्यावे. पहिल्या चारही जगांत एखाद्या रस्त्यावर एक किल्ली दडवलेली असते. डायनोसॉरच्या जगातील किल्ली एन्शंट लेकमध्येच आहे आणि केवळ पहिल्या क्रमांकामागे लागलेल्यांना ती दिसत नाही.

पात्र निवडताना क्रंच मगर धिप्पाड म्हणून मुले तिला पसंत करतात. जड पात्रे सावकाश वेग घेतात आणि वळणावर जड जातात. शिकणाऱ्याने पिप्सी उंदीर किंवा टिपटप कासव घ्यावे.

आता यंत्राबद्दल थोडे. स्वतःच्या विक्रमी फेरीची सावली, म्हणजे पुढे शर्यत लावता येणारी तिची नोंद, जपायची असेल, तर कंट्रोलरमध्ये कंट्रोलर पॅक हे साठवणीचे कार्ड लागते. त्याच खाचेत थरथरणारा रंबल पॅक बसवलेला असेल, तर सावली जतन होणार नाही. आणि सरळ रस्त्यावरही गाडी आपोआप एका बाजूला ओढत असेल, तर नवा कंट्रोलर शोधण्याआधी एक गोष्ट करून पाहावी. यंत्र सुरू होताना स्टिकवर बोट टेकलेले असेल, तर ती तिरकी स्थितीच यंत्र मध्य म्हणून धरते. स्टिक पूर्ण मोकळी सोडून एल, आर आणि स्टार्ट ही तीन बटणे एकदम दाबली की मध्य पुन्हा ठरतो. एवढे करूनही ओढ राहिली, तर स्टिक झिजलेली आहे असे समजावे.