झुडपांना आकार देताना कात्रीच्या बाबतीत या चुका टाळा

छाटणीनंतर आठवड्याभरात कुंपणाचे शेंडे तपकिरी पडले की लोक खत बदलतात, औषध फवारतात. कात्रीचं पातं मात्र कुणी बोटानं चाचपून बघत नाही. बोथट पात्यानं फांदी कापली जात नाही, चेंगरते. चेंगरलेलं टोक वाळतं आणि रोगाला तिथूनच वाट मिळते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते धार लावताना. एका सोसायटीत ड्युरांटाचं सुंदर सोनेरी कुंपण होतं. पावसाळ्याआधी तिथली मोठी कात्री आणि सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची एका हातात मावणारी कात्री, दारावर आलेल्या धारवाल्याकडे दिली. त्यानं विजेच्या चाकावर ती दोन्ही बाजूंनी घासली, पाती लखलखली, सगळे खूश. मी बघितलं तेव्हा पात्यांच्या कडांवर निळी झाक होती. पोलाद 300 अंशांच्या आसपास तापलं की ही झाक येते आणि पोलादाचं पाणी उतरतं. मग धार टिकत नाही. त्यात आतली सपाट बाजूही घासल्यामुळे दोन पात्यांमध्ये फट पडली होती. कोवळी फांदी त्या फटीत दुमडून अडकायची, माळी हिसका द्यायचा आणि साल सोलली जायची. कुंपणाची ती बाजू पूर्ण पावसाळाभर विद्रूप राहिली. माळ्याला बोलणी बसली, जी त्याच्या वाट्याची नव्हती.

धार हातानंच लावा. पात्याची फक्त बाहेरची, उताराची बाजू घासायची, मूळ उतार न बदलता. मी कार्बोरंडमच्या दगडावर तेलाचे दोन थेंब टाकून एकाच दिशेनं घासतो. आतल्या बाजूला बारीक खरखर लागली की दगड तिथे सपाट टेकवून एकदाच हलकेच फिरवतो. सिकेटरच्या जाड आकड्याला, म्हणजे फांदी धरून ठेवणाऱ्या बोथट बाजूला, धार लावायचीच नसते.

दुसरी चूक उतावळेपणाची. नवीन बाग केलेले लोक आधी विजेचं ट्रिमर आणतात आणि क्रोटन, अकॅलिफा, जास्वंद सगळ्यांवरून सरसकट फिरवतात. मोठ्या पानांच्या झाडांची पानं त्यात अर्धी कापली जातात, कडा करपतात आणि झाड महिनाभर फाटकं दिसतं. ट्रिमर किंवा मोठी कात्री ड्युरांटा, मेंदी, कामिनी अशा बारीक पानांच्या कुंपणासाठी. जास्वंदीला सिकेटरच, एकेक फांदी बघून. वेळ लागतो, लागू द्या. ज्याला घाई आहे त्यानं क्रोटनचं कुंपण लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सिकेटर घेताना दोन पाती एकमेकांशेजारून सरकणारं, म्हणजे बायपास घ्या. सपाट पट्टीवर पातं आपटणारं फक्त वाळक्या काटक्यांसाठी ठीक. स्प्रिंग आणि पातं सुटं मिळतं का, हे दुकानातच विचारा. फेल्को ही 1945 पासूनची स्विस कंपनी सुटे भाग देते, म्हणून तिची कात्री महाग असूनही वर्षानुवर्षं चालते. कापताना धारदार पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे ठेवा, आकडा तुटणाऱ्या भागाकडे.

अंगठ्याहून जाड फांदीला सिकेटर लावून पिळू नका. करवत घ्या.

रोगट झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पाती स्पिरिटनं पुसा. कण्हेरीचा चीक विषारी, हातमोजे घाला आणि तोच हात डोळ्यांना लावू नका.

खोबरेल तेल पात्यांना नको. 24 अंशांखाली ते थिजतं, थंडीत बोल्टात चिकटा धरतो. शिलाई मशीनचं तेल वापरा. लाकडी मुठींना वर्षातून एकदा जवसाचं तेल पुरे, पण त्या तेलाचे बोळे मोकळ्या हवेत पसरून वाळवा, गोळा करून ठेवले तर आपोआप पेट घेऊ शकतात.

कोकणातल्या दमट हवेत तर पाती ओली ठेवली की सकाळी गंज धरलेला असतो. काम संपलं की आधी चीक काढा, पाती कोरडी करा, तेलाचा हात फिरवा आणि मगच चहाला बसा.