रायझन ५६००एक्स: व्होल्टेज वाढवण्याआधी कमी करून बघा

एएमडीचा रायझन ५६००एक्स प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायचा, म्हणून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन सगळ्या कोअरना (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणन-भागांना) एकच फ्रिक्वेन्सी आणि भरमसाट व्होल्टेज देण्याची घाई करू नका. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खाल्ली जाते, १.२० चे १.३२ व्होल्ट केले, म्हणजे दहाच टक्के, तरी उष्णता सुमारे २१ टक्क्यांनी चढते. वर एका कोअरवर चालणाऱ्या कामात मूळ बूस्ट (आपोआप वाढणारा वेग) गमावण्याची शक्यता असते ती वेगळीच.

त्यापेक्षा बायोसमधलं पीबीओ (बूस्टच्या मर्यादा सैल करणारी सोय) 'ॲडव्हान्स्ड'वर ठेवा आणि त्यातल्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करायच्या सेटिंगमध्ये) सगळ्या कोअरना निगेटिव्ह १० द्या. उण्याची एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी. वाचलेल्या उष्णतेत प्रोसेसर आपणहून जास्त वेग गाठतो. पीसी न अडखळता टिकला तर पाच-पाचने खाली जा. उणे ३० ही शेवटची पायरी. एएमडीने उत्तम ठरवलेले कोअर बहुधा आधी कुरकुरतात, त्यांना कमी उणे द्या.

गंमत म्हणजे असा पीसी सिनेबेंच ही सगळ्या कोअरवरची जड चाचणी तासभर झेलतो आणि नुसता ब्राउझर उघडा असताना रीस्टार्ट होतो. हलक्या कामात एखादाच कोअर सर्वोच्च बूस्टला जातो, तिथेच व्होल्टेज अपुरं पडतं. म्हणून कोअरसायकलर हा चाचणीचा प्रोग्राम रात्रभर लावून एकेक कोअर तपासा. जो चुकेल, त्याचं उणे कमी करा.

या प्रोसेसरची तापमानाची मर्यादा ९५ अंश सेल्सिअस. हवेवरचा कूलर खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तेव्हा डिसेंबरात चाचणी घेतली असेल तर नागपूरच्या मे महिन्यासाठी १५-२० अंश राखून ठेवा.